आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी: जुनी गाडी अडखळते तेव्हा



चाकणमध्ये येऊन गाड्यांबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. या पट्ट्यात बजाज आहे, महिंद्रा आहे, २००९पासून फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आहेत. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सकाळच्या शिफ्टला नव्या गाडीचा एखादा भाग तयार करूनच इथे आले असतील. पण आजचा विषय नव्या गाडीचा नाही. सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असलेली, वडिलांनी घेतलेली किंवा कुणाकडून सेकंडहँड आलेली जी पंधरा, वीस, पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी असते, तिच्याबद्दल आपण बोलणार आहोत.

या गाडीच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. एक, ‘सिग्नलला उभी केली की थरथरते, बंद पडते.’ दुसरी, ‘रेस दिली की क्षणभर काहीच होत नाही, मग झटका देऊन पळते.’ गॅरेजमध्ये या दोन्हींना मिळून ‘मिसिंग आहे’ असा एकच शब्द वापरतात. आणि उपायही बहुतेक वेळा एकच असतो, आयडलचा स्क्रू अर्धा फेरा पिळून रेस वाढवून द्यायची. गाडी बंद पडायची थांबते, मालक खूश होतो, आणि रोग आत तसाच राहतो.

ही बाब किरकोळ नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकात पुढे कंटेनर, मागे ट्रेलर, आणि मध्ये आपली गाडी बंद पडली, तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नाशिक हायवे ओलांडताना इंजिनाने एक सेकंद दगा दिला तर तो एक सेकंद महाग पडू शकतो. शिवाय पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते, त्यासाठी तपासणी होते. रेस वाढवून झाकलेला दोष तिथे अडवतो. मग ‘इंजिनचं काम काढावं लागेल’ असं कुणीतरी सांगतं, खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो, आणि धडधाकट गाडी भंगारात जाते. कधी कधी सगळा दोष वीतभर रबरी नळीचा असतो.

कारखान्यातली पद्धत घरी का नाही?

तुमच्या लाइनवर एखादा जॉब रिजेक्ट झाला तर तुम्ही काय करता? सरळ मशीन बदलत नाही. ‘का?’ असं विचारता. उत्तर आलं की पुन्हा ‘का?’. टोयोटाकडून आलेली ही ‘फाइव्ह व्हाय’ची रीत या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक क्वालिटी विभागाच्या फळ्यावर दिसते. पण तोच माणूस रविवारी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजला जातो, तेव्हा प्लग बदला, नाही जमलं, कॉइल बदला, नाही जमलं, कार्बोरेटरच बदला, अशा रांगेत उभा राहतो. आमचं म्हणणं एवढंच आहे, की जी शिस्त आपण दुसऱ्याच्या गाडीसाठी आठ तास पाळतो, ती स्वतःच्या गाडीसाठी अर्धा तास पाळावी. आधी निदान, मग पाना.

निदानाचा पाया सोपा आहे. पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, सिलिंडरमध्ये दाब, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. या चारपैकी एक कमी पडली की इंजिन तक्रार करतं. पण ती तक्रार *केव्हा* करतं, यावरून कोणती गोष्ट कमी पडतेय ते ओळखता येतं. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

आयडलला बिघडतं, रेसवर सुधारतं

आधी थोडं गणित करू. मारुती ८०० घेऊ, कारण १९८३च्या डिसेंबरपासून २०१४पर्यंत बनलेली ही गाडी आपल्याकडे घरोघरी होती. इंजिन ७९६ सीसी. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा ओढतं. आयडलला मिनिटाला ९०० फेरे धरले तर ४५० वेळा ओढणार, म्हणजे कागदावर साधारण ३६० लिटर. पण आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यामुळे प्रत्यक्षात मिनिटाला १२० लिटरच्या जवळपासच हवा आत जाते.

आता समजा, ब्रेक बूस्टरची नळी तडकली आहे आणि तिच्यातून मिनिटाला २० लिटर चोरटी हवा आत शिरतेय. १२०मध्ये २० म्हणजे सहावा हिस्सा! एवढ्या जास्तीच्या हवेने मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन थरथरतं. तीच गाडी ५००० फेऱ्यांवर जोरात पळवली तर मिनिटाला दीड हजार लिटरहून जास्त हवा लागते. तिथे २० लिटर म्हणजे काहीच नाही. त्यात पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे चोरटी हवा शिरायचीही बंद होते.

म्हणून पहिला नियम: जे आयडलला बिघडतं आणि रेसवर सुधारतं, तिथे आधी चोरट्या हवेचा संशय घ्या.

तपासायचं कसं? इंजिन आयडलला ठेवून व्हॅक्यूमची एकेक रबरी नळी प्लायरच्या तोंडाला कापड गुंडाळून हलकेच दाबायची. ब्रेक बूस्टरची, ब्रीदरची, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी. जी नळी दाबल्यावर आयडलचा आवाज एकदम बदलतो, तिच्या पुढच्या भागात गळती शोधायची. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर संशय असेल तर तिथे पाण्याचा बारीक फवारा मारून पाहा. गळतीच्या जागी पाणी ओढलं जातं आणि क्षणभर आवाज बदलतो. पाणी प्लगच्या वायरींवर जाऊ देऊ नका. आणि यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर तापलेल्या इंजिनावर फवारू नका. काही जण तसं करतात, पण आग लागायला एक ठिणगी पुरते.

चोरटी हवा नसेल तर आयडलचा मार्ग तपासायचा. कार्बोरेटरमध्ये आयडलला पेट्रोल देणारं जेट वेगळं असतं, त्याचं भोक अगदी बारीक असतं. कचऱ्याचा एक कण पुरे. त्याची परीक्षा अशी: मिश्रणाचा स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते आधी मोजून लिहून ठेवा. मग इंजिन चालू ठेवून तो हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळायला लागलं, तर आयडलचा मार्ग काम करतोय. स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनाला काही फरक पडत नाही, याचा अर्थ ते आयडलच्या मार्गावर चालतच नाही! जेट बुजलंय, आणि कुणीतरी थ्रॉटल उघडून वरच्या मार्गाने त्याला कसंबसं जिवंत ठेवलंय. काही कार्बोरेटरवर या मार्गासाठी सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर ‘टिक’ असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर आधी त्याची वायर बघा.

इंजेक्शनच्या गाडीत हेच काम थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह करतात. तिथे काजळी साचली की आयडलची वाट अरुंद होते. आधी साफसफाई, मग नवा पार्ट.

तिसरी शक्यता एखादा सिलिंडर काम करत नसण्याची. इंजेक्शनच्या गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून बघायचा. ज्याचा काढल्यावर आयडलला फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून आळशी आहे. कार्बोरेटरच्या गाडीत हेच प्लगची वायर काढून करतात, पण चालू इंजिनावर उघड्या हाताने नाही. हजारो व्होल्टचा झटका बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ते जळू शकतं. इंजिन बंद करून, वायर काढून, तिला नीट अर्थ देऊन मगच चालू करायचं. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर हे काही सेकंदांपुरतंच. आळशी सिलिंडर सापडला की कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एकच आकडा बराच खाली असेल, तर टॅपेट घट्ट झालेत का ते बघा. हेड उघडायचा निर्णय त्यानंतरचा.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर उत्तमच. पुस्तकात आयडलला १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो. पुणे आणि चाकणचा परिसर साडेपाचशे-साडेसहाशे मीटरवर आहे, म्हणून इथे १५ ते १९ इंच आले तरी इंजिन ठीक आहे. काटा स्थिर पण खाली असेल तर चोरटी हवा किंवा टायमिंग मागे. काटा ठरावीक तालात खाली-वर होत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर.

आयडल ठीक, रेस देताना अडखळतं

आता दुसरी तक्रार. रेस दाबली की थ्रॉटल उघडतो आणि हवा लगेच आत धावते. हवा हलकी आहे. पेट्रोल जड आहे, ते मागे राहतं. शिवाय व्हॅक्यूम एकदम कमी झाल्यामुळे पेट्रोलचा काही भाग वाफ न होता मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतो. त्या क्षणी इंजिनाला जास्तीचं पेट्रोल हवं असतं. कार्बोरेटरमध्ये ते देण्यासाठी अॅक्सिलरेटर पंप असतो, रेस दाबताक्षणी तो पिचकारी मारतो. त्याचा रबरी पडदा कडक झाला की पिचकारी उशिरा येते किंवा येतच नाही. अगदी तोच तुमचा ‘क्षणभर काहीच होत नाही’.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात वरून टॉर्चने बघा, आणि हाताने थ्रॉटलचा लिव्हर दाबा. दाबताक्षणी पेट्रोलची सरळ, जोरदार धार दिसायला हवी. थेंब थेंब येत असेल तर पंपाचा पडदा बदला. बाकी कार्बोरेटरला हात लावू नका. बिडी-सिगारेट लांब ठेवा हे वेगळं सांगत नाही.

धार चांगली असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे वळा. त्याच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी ओढून पाहिली तर आतली प्लेट सरकली पाहिजे, आणि ओढ धरून ठेवली तर तिथेच टिकली पाहिजे. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत पॅडलच्या एका ठरावीक जागीच अडखळत असेल, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर तिथे झिजलेला असतो. मल्टिमीटर लावून थ्रॉटल हळूहळू उघडा. व्होल्टेज अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत सलग चढायला हवं. मध्येच खाली पडलं तर चोर सापडला.

लोडवर दम लागतो

तिसरा प्रकार वेगळा ओळखायला हवा. आयडल ठीक, सुरुवातीचा पिकअप ठीक, पण राजगुरुनगरच्या पुढे खेड घाट चढताना गाडी मरगळते. हा पुरवठ्याचा प्रश्न आहे. पेट्रोल फिल्टर, टाकीतली जाळी, पंप यांच्याकडे बघा. किंवा ठिणगी कमजोर आहे. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकी ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून आयडलला शहाणी वाटणारी कॉइल घाटात दगा देते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वीज बाहेरच गळतेय. पावसाळ्यात हे पटकन दिसतं.

आणि थंड-गरमचा फरक विसरू नका. थंड असताना त्रास, गरम झाल्यावर बरं, तर चोक बघा. थंड असताना बरं, गरम झाल्यावर त्रास, तर अडकलेला चोक, तापणारी कॉइल किंवा नळीत झालेली पेट्रोलची वाफ. पद्मिनी चालवणारे जुने टॅक्सीवाले उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याच वाफेसाठी. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, पण फडक्यामागचं शास्त्र अजून खरंच आहे.

डॅशबोर्डात पडलेला रिपोर्ट

तुमच्या गाडीत एक निदानपत्र आधीच पडलेलं आहे, पीयूसीची स्लिप. आपण फक्त ‘पास’ बघतो आणि ठेवून देतो. त्यावर आयडलला मोजलेले दोन आकडे असतात. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हा टक्क्यांत. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, हा पीपीएममध्ये. सीओ जास्त, तर मिश्रण रिच आहे, पेट्रोल जास्त होतंय. एअर फिल्टर, चोक, फ्लोट बघा. सीओ कमी पण एचसी भरपूर जास्त, तर पेट्रोल आत जातंय पण काही वेळा पेटतच नाही. ठिणगी चुकतेय किंवा चोरट्या हवेने मिश्रण फार लीन झालंय. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल कारला सीओची मर्यादा ३ टक्के आहे, पण ‘मर्यादेत आहे’ म्हणजे ‘निरोगी आहे’ असं नाही. मागच्या दोन-तीन स्लिपा शेजारी ठेवा. आकडे कुठे सरकतायत ते बघा. मेकॅनिककडे जाताना त्या घेऊन जा.

ई२० आणि जुनी गाडी

आता हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. मिश्रणाला १३.५च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर चालणारा कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल देत राहिला, तर मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास लीन होतं. ऑक्सिजन सेन्सरची इंजेक्शन गाडी हे बऱ्याच अंशी स्वतः सावरते. कार्बोरेटरला डोळे नाहीत, त्याला सांगावं लागतं. जी गाडी आधीच काठावर लीन होती, ती आता अडखळायला लागते.

शिवाय इथेनॉल टाकीतला जुना साका सुटा करून फिल्टरमध्ये आणतं, जुनं रबर फुगवतं किंवा तडकवतं, आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला, फिल्टर लवकर बदला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. पण एक सावधगिरी. सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळं होऊ नका. आधी नळ्या दाबून बघा, मग पेट्रोलला नावं ठेवा.

पाच ‘का’, एक उदाहरण

समजा, गाडी सिग्नलला बंद पडते. का? मिश्रण लीन आहे. का? चोरटी हवा शिरतेय. का? बूस्टरची नळी तडकलीय. का? ती एक्झॉस्टच्या जवळ लोंबत होती, उष्णतेने कडक झाली. का? मागच्या वेळी काम करताना तिची क्लिप परत लावलीच नाही. आता बघा, पहिल्या ‘का’वर थांबलो असतो तर मिश्रणाचा स्क्रू पिळला असता. चौथ्यावर थांबलो असतो तर नवी नळी घातली असती, आणि तीही काही महिन्यांत तडकली असती. खरी दुरुस्ती नळी अधिक क्लिप अशी आहे.

म्हणून सेटिंगचाही क्रम पाळा. आधी टॅपेट. मग प्लग आणि पॉइंटची फट. मग टायमिंग. मग मिश्रण. आणि सगळ्यात शेवटी आयडलचा स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

हे सगळं करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी लांब. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. सीओला वास नसतो.

शेवटी, मेकॅनिककडे जाताना ‘मिसिंग आहे’ एवढंच सांगू नका. एका चिठ्ठीवर लिहून न्या: त्रास आयडलला, रेस देताना की लोडवर? थंड असताना की गरम? केव्हापासून, आणि त्याच्या आधी कोणतं काम झालं होतं? प्लगचा रंग काय, फिकट तपकिरी, काळा की पांढरा? पीयूसीचे आकडे काय? चांगल्या मेकॅनिकला अशी चिठ्ठी मिळाली तर त्याचा अर्धा वेळ वाचतो, आणि तुमचे पैसेही. आणि चिठ्ठी न वाचताच कुणी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर नम्रपणे म्हणा, ‘दादा, आयडलचा स्क्रू शेवटी.’

आता तुमचे प्रश्न घेऊ या.